कातळावरची रेघ फोनच्या पडद्यावर: एका कातळशिल्पाच्या एआर कामाच्या नोंदी

राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावर, खासगी जागेत, साडेसात मीटर लांबीची एका जनावराची आकृती कातळात कोरलेली आहे. तिच्या बाजूला दोन मासे आणि एक उभा माणूस. रेघा दोन ते चार सेंटीमीटर खोल, शेपटीकडे त्याहून उथळ. दुपारी ऊन डोक्यावर आलं की समोर उभं राहूनही चित्र दिसत नाही. मग बघायला आलेले लोक रेघांत पाणी ओततात, खडूने गिरवतात, फोटोसाठी आकृतीवर चढतात. जांभा वरून टणक दिसला तरी रेघेची कड पायाखाली झिजते. नुसती पाटी लावून हे थांबणार नाही. चित्र दिसायची दुसरी सोय हवी. आकृतीभोवतीच्या दोरीबाहेर उभं राहून फोन धरला की कोरलेल्या रेघा त्यांच्याच जागेवर उजळून दिसाव्यात, एवढंच काम हाती घेतलं आहे. कॅमेऱ्यातल्या दृश्यावर असं चित्र चढवण्याला एआर (ऑगमेंटेड रिअॅलिटी) म्हणतात.

महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं एक अशी कोकणपट्टीतली नऊ कातळशिल्प-ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे ही नावं त्यामुळे लोकांना माहीत झाली. आमच्या सड्यासारख्या बाकीच्या जागा गावानेच सांभाळायच्या आहेत. तिथे राखण नाही, म्हणून जागेचं नाव इथे देत नाही. पण असंच काम दुसऱ्या सड्यावर कुणाला करायचं असेल तर आमचा गेलेला वेळ त्यांचा वाचावा.

६ ऑक्टोबर २०२४

जागेचे मालक आबा यांची परवानगी आधीच घेतली होती. ग्रामपंचायतीलाही लेखी कळवलं. आज सफाई. पावसाळ्यानंतर सड्यावर गुडघाभर गवत असतं आणि रेघांमध्ये माती, शेवाळ, वाळलेली मुळं बसलेली असतात. कोयता, खुरपं काहीही आत नेलं नाही. आकृतीवरचं गवत हाताने उपटलं, माती मऊ केरसुणीने काढली. शेवाळाला हात लावला नाही. ते वाळून आपोआप सुटतं, घासलं तर जांभ्याचा दाणा घेऊन निघतं. कडेच्या ओलाव्यात सीतेची आसवं आणि गेंद अजून फुललेले होते, तो पट्टा तसाच सोडला.

गावातल्या दोघांची दिवसाची मजुरी प्रत्येकी ५००. दुपारी तीननंतर गडगडाट सुरू झाला तेव्हा काम थांबवलं. उघड्या सड्यावर आपणच सगळ्यात उंच असतो, विजेच्या वेळी तिथे थांबू नये.

२० ऑक्टोबर

बरेच फोटो जोडून कातळाचं त्रिमिती मॉडेल करायचं आहे, उंची-खोलीसकट. ते फोटो कशावरून काढायचे हा प्रश्न. ड्रोन सोपा, पण किनाऱ्याजवळ कुठे उडवता येतो आणि कुठे नाही हे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर बघावं लागतं, वर स्थानिक पोलिसांना विचारणं आलं. शिवाय आम्हाला उंची नकोच होती. हवा होता बारकावा.

आबांनी आंबे उतरवायच्या झेल्याची काठी दिली. झेला सोडवून टोकाला फोनचा क्लॅम्प बांधला, ब्लूटूथचं बटण हातात. साडेतीन मीटरवरून फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा एक पिक्सेल कातळावर साधारण एक मिलिमीटरचा पडतो. एवढा बारकावा पुरतो. वाइड लेन्स वापरली नाही, कडा वाकतात. फोकस आणि एक्स्पोजर दोन्ही लॉक.

सकाळी साडेआठला सुरुवात केली आणि अकरापर्यंत चारशेच्या आसपास फोटो झाले. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर ७० ते ८० टक्के चढलेला. पण अडीच तासांत सावल्या सरकल्या. पहिल्या रांगेत रेघेची डावी कड काळी, शेवटच्या रांगेत काळेपणा जवळजवळ गायब. हे फोटो बाद. सूर्योदयापूर्वीचा अर्धा तास किंवा ढगाळ दिवस, हीच वेळ. तिरप्या उन्हात डोळ्याला चित्र छान दिसतं, मॉडेलला मात्र सपाट उजेडच लागतो.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. मुंबईहून आलेली मुलं हाताशी होती, त्यामुळे दोन काठ्या एकदम चालल्या. पहाटे उजाडताच सुरू करून ऊन यायच्या आत उरकलं. रात्री ओपनड्रोनमॅप या फोटोंतून मॉडेल बनवणाऱ्या प्रोग्रामला फोटो दिले. १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पहिल्यांदा अर्ध्यात बंद पडलं. फोटो अर्ध्या मापाचे केले तेव्हा चाललं.

उंचीचा नकाशा आला तो भलताच ढोबळ, एका चौकटीत तळहात मावेल एवढा. कारण शोधायला दोन रात्री गेल्या. फोन प्रत्येक फोटोत स्वतःचं जीपीएस लिहितो. त्यातली उंची काही मीटरने वर-खाली होती. त्यावरून प्रोग्रामने कॅमेरा फार उंचावर असल्याचा अंदाज बांधला आणि बारकावा स्वतःच कमी केला. उपाय: सगळ्या फोटोंतली जीपीएस माहिती पुसून टाकली, आकृतीबाहेर ठेवलेल्या सहा खुणांची अंतरं स्टीलच्या टेपने मोजून तीच दिली. प्रोग्रामला नकाशाच्या पद्धतीचे (यूटीएमसारखे) आकडे लागतात, म्हणून आमच्या मीटरमधल्या आकड्यांत एक ठरावीक मोठा आकडा मिळवला. आता दोन मिलिमीटरचा नकाशा मिळाला.

१० नोव्हेंबर

मॉडेल दिसायला देखणं, पण शंका आली. आकृतीचा मधला भाग वर उचललेला दिसत होता. प्रत्यक्षात कातळ तिथे तसा नाही.

तपासायला गावातल्या गवंडीकाकांना बोलावलं. ते पाण्याची नळी घेऊन आले, चिऱ्यांचा पाया धरताना वापरतात तीच. नळीचं एक टोक कडेच्या खुणेवर धरलं, दुसरं एकेका जागी नेऊन पाण्याची पातळी वाचली. काकांचं टोक हलत नव्हतं. हवेचा बुडबुडा नळीत राहिला की ते बोटाने टिचकी मारून वर काढत आणि पाणी स्थिरावल्याशिवाय आकडा सांगत नसत. तासाभरात वीस जागांची उंची कागदावर आली. मॉडेलशी ताडून पाहिलं तर मधोमध नऊ सेंटीमीटरचा फुगवटा निघाला. रेघा दोन-चार सेंटीमीटरच्या आणि चूक नऊची.

सपाट जागेचे फक्त सरळ खाली बघणारे फोटो घेतले की असं होतं. लेन्सचा बाक किती आणि जमिनीचा किती, हे प्रोग्रामला वेगळं करता येत नाही. उपायही ठाऊक असलेला आहे: चारही बाजूंनी तिरपे फोटो. फोन क्लॅम्पमध्ये ३० अंश कलवून पुन्हा फेरी मारली आणि काकांच्या वीस आकड्यांतले निम्मे उंचीची खूण म्हणून प्रोग्रामला दिले. उरलेले निम्मे तपासायला राखून ठेवले. फरक आता एका सेंटीमीटरच्या आत आहे. महागडं जीपीएस यंत्र भाड्याने आणायचा विचार होता, त्याची गरज उरली नाही. काकांनी मजुरी घेतली नाही. नळी ६० रुपयांची.

२४ नोव्हेंबर

आता खोलीचा नकाशा. पहिला प्रयत्न: क्लाउडकम्पेअर या त्रिमिती मॉडेल मोजायच्या प्रोग्राममध्ये कातळाला एक सपाट पातळी बसवायची आणि तिच्यापासून कोण किती खाली ते रंगवायचं. सगळा पश्चिमेचा भाग निळा झाला. कातळ त्या बाजूला बावीस सेंटीमीटर उतरतो, त्या उतारात रेघा बुडून गेल्या.

मग दुसरा मार्ग धरला. उंचीच्या नकाशाची एक धूसर प्रत काढायची, जिच्यात फक्त मोठे चढउतार उरतात, आणि मूळ नकाशातून ती वजा करायची. मागे उरतो तो फक्त बारीक खोदकामाचा भाग. धूसर करायची खिडकी, म्हणजे आजूबाजूच्या किती भागाची सरासरी काढायची, ती किती मोठी घ्यायची यावर सगळं अवलंबून आहे. २५ सेंटीमीटर घेतली तेव्हा रेघा झकास दिसल्या, पण जनावराच्या पोटाचा रुंद खोलगट भाग गायब झाला, कारण तो खिडकीपेक्षा मोठा होता. एक मीटर घेतली तर उतार परत डोकावला. ६० सेंटीमीटरवर दोन्ही जमलं. दुसऱ्या सड्यावर हा आकडा वेगळा असेल. नियम एवढाच, की खोदलेल्या सगळ्यात रुंद भागापेक्षा खिडकी मोठी हवी.

८ डिसेंबर

आजचं काम तांत्रिक कमी आणि जबाबदारीचं जास्त. नकाशावरून रेघा गिरवायच्या होत्या. पडद्यावर चमकणारी रेघ बघणारा लगेच खरी मानतो. आणि कातळाला तर भेगा असतात, पाण्याने कोरलेल्या पन्हळी असतात, गाडीच्या चाकाच्या चाकोऱ्या असतात. त्यातली एखादी आम्ही शेपूट म्हणून गिरवली की उद्यापासून गाव तिला शेपूटच म्हणणार.

म्हणून गावच्या शाळेतल्या बाईंनी आणि मी, एकमेकींचं न बघता, स्वतंत्रपणे गिरवलं. दोन्हीत जे जुळलं ते सलग रेघेत ठेवलं. एकीलाच जे दिसलं ते तुटक. मग दोन्ही कागद घेऊन संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सड्यावर गेलो आणि तुटक रेघा एकेक करून बघितल्या. बऱ्याचशा भेगा निघाल्या, त्या काढून टाकल्या. मागच्या पायाजवळची एक वाकडी रेघ खोदलेली वाटते, पण खात्री नाही. ती तुटकच राहील.

रंगवलेलं जनावर, कातडी, डोळा, हालचाल असलं काही करायचं नाही हेही आज पक्कं केलं. मुलांना वाघ उठून चालताना बघायला आवडेल. पण हे जनावर कोणतं यावर गावातच तीन मतं आहेत, त्यातलं एक फोनने ठरवून टाकू नये.

२२ डिसेंबर

जीपीएस आणि होकायंत्रावर चालणारं एआर करून पाहिलं, कारण ते बनवायला सगळ्यात सोपं. फोनला जागा कळते, दिशा कळते, तेवढ्यावर चित्र ठेवायचं. उघड्या सड्यावरही जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं. साडेसात मीटरच्या चित्राला हे चालणारच नाही.

दिशेचं त्याहून वाईट. दोरीच्या कडेने चालत गेलं की चित्र स्वतःभोवती वळत होतं. फोन बिघडला असेल म्हणून दुसरा घेतला, मग साधं सुईचं होकायंत्र जमिनीवर टेकवलं. सुईसुद्धा जागोजागी वेगळी दिशा दाखवत होती. जांभ्यात लोह भरपूर. देवाचे गोठणे इथल्या कातळावर होकायंत्राची दिशा चुकते हे प्रसिद्धच आहे. कमी प्रमाणात का होईना, आपल्या सड्यावरही हे असणार असं धरून चाला. जांभ्यावर होकायंत्राच्या भरवशाचं एआर करायला जाऊ नका. आमचा हा सगळा आठवडा त्यात गेला.

१२ जानेवारी २०२५

छापील खूण ठेवून पाहिली. काळ्या चौकटीचं चित्र सनबोर्डवर छापलं, कॅमेऱ्याने ते ओळखायचं आणि त्याच्या हिशेबाने रेघा मांडायच्या. लॅमिनेशन केलेली पाटी उन्हात चकाकते आणि कॅमेऱ्याला नुसता पांढरा डाग दिसतो. मॅट कागदावर छापली तर ओळख पटली, पण फूटभर पाटीचा कोन दोन अंशांनी जरी चुकला तरी आठ मीटरवरची रेघ पाव मीटरहून जास्त सरकते.

पाटी रात्रभर राहते का ते पाहायला ठेवली होती. सकाळी कोपरा चावलेला सापडला. आबा म्हणाले, "गुरं सोडलेली असतात इकडं. कागद-पुठ्ठा ठेवशील तर ती खाणारच." कातळात खिळा मारून पक्की करायचा सल्ला एकाने दिला. कातळात काहीही ठोकायचं नाही, यावर चर्चा नाही.

२६ जानेवारी

जमलं. कातळावर नवीन काही ठेवायचं नाही, कातळाच्याच खुणा वापरायच्या.

आकृतीबाहेर, दोरीच्याही बाहेर दोन जागा निवडल्या. एक, मोठी भेग जिथे दुभंगते तो सांधा. दुसरी, पाणी साचून झालेल्या वाटोळ्या खळग्याची उत्तरेची कड. दोघांमधलं अंतर टेपने ६.४२ मीटर. क्रोममध्ये वेबएक्सआर (वेबपानावरच एआर चालवायची सोय) सुरू केलं की पडद्यावर एक कडी दिसते, ती कॅमेऱ्यासमोरच्या जमिनीवर चिकटून फिरते. पाहुण्याने ती पहिल्या खुणेवर आणून बोट टेकवायचं, चालत दुसऱ्या खुणेपाशी जाऊन तिथे टेकवायचं. या दोन बिंदूंवरून जागा आणि दिशा दोन्ही मिळतात, होकायंत्राला विचारायचंच नाही.

खुणा लांब असण्याचं महत्त्व आकड्यात सांगते. आधी दीड मीटर अंतराच्या खुणा घेतल्या होत्या. बोट पाच सेंटीमीटरने चुकलं तर आठ मीटरवर रेघ सत्तावीस सेंटीमीटर सरकायची. ६.४२ मीटरच्या खुणांना तीच चूक सहा सेंटीमीटरवर येते. फोनने मोजलेलं अंतर ६.४२ पासून दहा सेंटीमीटरहून जास्त वेगळं आलं तर पान पुन्हा खूण करायला सांगतं. या एका तपासणीमुळे निम्म्या तक्रारी मिटल्या.

सुरुवातीला फोन एका जागी धरून ठेवला तर त्याला जमीन सापडत नाही. दोन-तीन पावलं आडवं चालावं लागतं. ही सूचना पडद्यावर चित्रासकट घातली, नुसती लिहिलेली कोणी वाचत नाही. जांभ्याचा खडबडीतपणा मात्र इथे कामाला येतो, कॅमेऱ्याला धरायला हजार खाचखळगे मिळतात. पूर्ण फेरी मारून आलं की रेघा पंधरा-वीस सेंटीमीटर सरकलेल्या असतात, म्हणून 'पुन्हा जुळवा' हे बटण कायम समोर ठेवलं आहे.

९ फेब्रुवारी

गावातल्या लोकांना आपापले फोन घेऊन बोलावलं. निम्म्याहून जास्त फोनांत एआर चालत नाही. बऱ्याच स्वस्त फोनांना एआरकोरचा, म्हणजे अँड्रॉइडवर एआर चालवणाऱ्या गुगलच्या प्रणालीचा, आधार नाही, आणि आयफोनच्या सफारीत वेबएक्सआर नाही. त्यांना नाकारून चालणार नाही. त्यांच्यासाठी वेगळं पान केलं: दोरीच्या ठरावीक तीन जागांवरून काढलेले फोटो, वर बोट सरकवलं की त्याच फोटोवर रेघा उमटतात. बऱ्याच वयस्कर मंडळींना हेच पान जास्त आवडलं. हात उंच धरून फिरावं लागत नाही.

सड्यावर रेंज येते-जाते. पूर्ण त्रिमिती मॉडेल १८० एमबीचं होतं. ते पाठवायचा विचारच सोडला. पडद्यावर कातळ पुन्हा दाखवायची गरज नाही, कातळ समोर आहेच. फक्त रेघा पाठवल्या, ९० केबी. फोटोंसकट सगळं मिळून दीड एमबीच्या आत. पान एकदा उघडलं की फोनमध्ये साठून राहतं आणि पुढे रेंजशिवाय चालतं. क्यूआर कोड सड्यावर न लावता खाली एसटी थांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर लावला, तिथे रेंज पक्की आहे.

रंगाचंही आजच ठरलं. पांढरी रेघ उन्हात दिसत नाही, पिवळी तांबूस कातळात मिसळते. आकाशी निळी आणि तिला काळी कड, ही सगळ्यांना दिसली. साडेअकरानंतर फोन तापून स्वतःच उजेड कमी करतात, मग कुठलाच रंग दिसत नाही. सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर यावं, असं क्यूआरच्या शेजारी लिहिलं.

१६ मार्च

शिमग्याला आलेले चाकरमानी आणि त्यांची मुलं पालखीच्या धामधुमीतून वेळ काढून सड्यावर आली. गर्दीत पहिल्यांदाच तपासणी झाली. दुसरी खूण लोकांना सापडत नव्हती, तिथलं गवत वाळून खळग्यात पडलं होतं. खुणेचे दोन कोनांतले फोटो पानावर वाढवले. लहान मुलं फोनकडे बघत चालताना दोरीच्या आत शिरत होती. आता फोन आकृतीच्या हद्दीत गेला की रेघा विझतात आणि 'बाहेर या' असं येतं. आठ-दहा वर्षांची एक मुलगी आत जाऊन रेघा विझल्या म्हणून स्वतःच मागे सरकली आणि धाकट्या भावाला हाताने ओढून बाहेर घेतलं. पाणी ओतायला बाटली काढलेल्या एका काकांना मुलांनीच अडवून फोन दाखवला. ज्यासाठी काम केलं ते होताना दिसलं.

तुटक रेघेबद्दल खूप जणांनी विचारलं. ती का तुटक आहे हे दोन ओळींत पानावर लिहिलं.

३० मार्च

खर्च: सफाईची मजुरी १,०००, स्टीलचा टेप ७५०, क्लॅम्प आणि बटण ४००, पाण्याची नळी ६०, दोरी आणि बांबूचे खुंट ९००, बाद झालेल्या पाट्यांची छपाई ८५०, डोमेन वर्षाचं ९००. पान ठेवायची जागा फुकट मिळाली. दोरीचे खुंट मातीच्या पट्ट्यातच रोवले आहेत, कातळाला भोक नाही.

राहिलेलं काम असं. पावसात दोन्ही खुणा पाण्याखाली आणि शेवाळाखाली जाणार, म्हणून जून ते सप्टेंबर पान फक्त फोटो दाखवेल. ऑक्टोबरमध्ये सफाई झाली की गवंडीकाकांची नळी पुन्हा काढायची. त्याच वीस जागा मोजायच्या, खुणांमधलं अंतर टेपने बघायचं, आणि रेघांच्या कडांचे जवळून फोटो घेऊन यंदाच्या फोटोंशी ताडायचे. मागच्या पायाजवळची तुटक रेघ दाखवायला एका पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना बोलावलं आहे. तोपर्यंत ती आहे तशीच ठेवणार.